पेटीची ओटी

बाईंच्या पर्समध्ये कायम सात-आठ काडेपेट्या असायच्या, आणि त्यांत काड्या सोडून सगळं असायचं. मेलेल्या माशा, वाळलेल्या अळ्या, मेणाचा एखादा काळपट तुकडा. प्रत्येकीवर बॉलपेनने गावाचं नाव, मधपेटीचा नंबर आणि तारीख. एकदा साकोलीच्या स्टँडवर एका कंडक्टरने विडी पेटवायला त्यांच्याकडे माचीस मागितली. बाई कसल्यातरी विचारात होत्या. हाताला लागली ती त्यांनी काढून दिली. त्याने उघडून पाहिली, बंद केली, दोन्ही हातांनी परत केली आणि विडी खिशात ठेवून दिली. पुढे कित्येक दिवस त्या गाडीत बाईंच्या शेजारी कोणी बसत नसे. बाईंना त्याचं काही नव्हतं. "बरं झालं," म्हणायच्या, "पर्स ठेवाले जागा झाली."

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. काढली असंच म्हणते, कारण पहिली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी नोकरी सोडायचं ठरवत असे. आमचं केंद्र म्हणजे साकोलीबाहेर रस्त्याला लागून दोन खोल्या आणि मागे करंजांच्या सावलीत ओळीने मांडलेल्या पेट्या. मधमाश्यांना कोणते रोग होतात ते शोधायचं आणि गावोगाव जाऊन पेट्या पाळणाऱ्यांना सांगायचं, एवढं आमचं काम. मी तुमसरची. वडील राइसमिलमध्ये मुकादम. मी एम.एस्सी. झाले तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी सायंटिस्ट झाली. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात चिमटा दिला आणि एका पांढऱ्या फडक्यापुढे उकिडवं बसवलं.

प्रत्येक पेटीसमोर जुन्या धोतराचा एक तुकडा अंथरलेला असे. पेटीत माशी मेली की बाकीच्या तिला ओढत दारापर्यंत आणतात आणि बाहेर टाकतात. ती त्या फडक्यावर पडते. रोज सकाळी सहा वाजता ती मोजायची, वहीत लिहायची. थंडी असो, ताप असो, दिवाळी असो. एकदा मला कंटाळा आला आणि मी वहीत 'साधारण तीस' असं लिहिलं. बाईंनी वही माझ्यापुढे धरली.

"साधारण म्हंजे काय व? साधारण माशी पाह्यली का तू कधी?"

मला पुन्हा मोजायला लावलं. एकतीस निघाल्या. "पाह्यलं का? पाह्यलं तं लिही. नाही पाह्यलं तं लिहू नको." हे त्यांचं वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं ते मी मोजलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. माझ्यासाठी गोंदियाचं एक स्थळ आलं आणि मुलगा फार शांत आहे असं मी सांगितलं, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. "शांत आहे हे पाह्यलं का, का नुसतं सांगतलं कोनी?" मी पाहिलं नव्हतं. पुढे पाहिलं, आणि नकार दिला.

बाई मूळच्या नाकाडोंगरीच्या. डॉक्टरेट केलेली बाई मीटिंगमध्ये स्वच्छ पुस्तकी बोलायची आणि पेटीचं झाकण उघडलं की घरच्या बोलीवर यायची. तोंडाला जाळी लावत नसत. नाक थेट पेटीच्या दाराशी नेऊन वास घेत. मध कधी चाखत नसत. कोणी आग्रह केला तर विचारत, "पेशंटच्या डब्यातलं डॉक्टर खाते काय?" केळ्यांशी तर त्यांचं वैर होतं. माशी डंख मारते तेव्हा जो वास सुटतो तो पिकल्या केळ्यासारखा असतो, आणि त्या वासाने बाकीच्या माशा चवताळून येतात. लाखनीकडच्या एका गावात सरपंचाने आमच्या स्वागताला पेट्यांशेजारीच केळ्यांचं ताट आणलं. बाईंनी ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि बोडीच्या पाण्यात फेकून आल्या. कारण नंतर सांगितलं, तोवर सरपंच निघून गेला होता. त्या गावात पुढे एकही पेटी बसली नाही. चूक कोणाची, यावर आमचं परतीच्या गाडीत भांडण झालं आणि साकोली आली तरी मिटलं नाही.

गळ्यात पोत त्या घालत नसत. एकदा पोतीखाली माशी चेंगरली आणि तिच्या वासाने चाळीस जणी मानेला येऊन डसल्या, तेव्हापासून मंगळसूत्र टेबलाच्या खणात होतं. अर्थात काडेपेटीत. त्यावर तारीख नव्हती. कपाळाला मात्र बारीकशी लाल टिकली असे. मालक नागपूरला असत. भांडण वगैरे नव्हतं. "त्याले गाव सोसत नाही, मले शहर सोसत नाही," एवढं एकदा सांगितलं. दर रविवारी अकराच्या सुमारास त्यांचा केंद्रात फोन यायचा. मी उचलला की ते विचारायचे, मॅडम आहेत का. बाई उभ्यानेच बोलायच्या, अर्धा मिनिट. शेवटचा प्रश्न पलीकडून काय येतो ते मला पाठ झालं होतं, कारण इकडचं उत्तर नेहमी तेच असे. "हो, जेवले."

एकोडी गावात पहिली पेटी घेतली ती कौतिकामावशीने. पन्नाशीची, विधवा, घरामागे कारल्या-दोडक्यांचा मांडव. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, तिच्यासारखी बाई गावात नव्हती. टोळीतल्या बायका तिला मधे घेत, म्हणजे दोन्हीकडच्या ओळी सरळ येत. पेटी आली आणि दोन हंगामांत तिच्या मांडवाला इतकी कारली लागली की बाकीच्या बायका कुंपणाशी येऊन पाहू लागल्या. मग गट झाला. पार्बताबाई अध्यक्ष झाली. मोठ्या आवाजाची, सरळ मनाची बाई. गावात तिचा शब्द चाले.

अडचण पुढे आली. नव्या पेटीत माशा थोड्या असतात, ती तग धरत नाही. जुन्या पेट्यांतून अंड्या-अळ्यांनी भरलेली एकेक चौकट, माशा झटकून, तिला दिली की महिन्याभरात पेटी भरून येते. पण आपल्या पेटीतली भरली चौकट दुसरीला कोण देणार? सगळ्या जणी मान हलवायच्या आणि कोणी द्यायचं नाही. आठवड्याने एकोडीच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "नव्या नवरीची ओटी कायले भरता जी? घरात लेकरं वाढावी म्हनून ना? मंग पेटीची भरा."

बायका आधी हसल्या आणि मग त्यांनी ती गोष्ट अशी उचलली की आम्हीच बघत राहिलो. नवी पेटी आली की अंगणात पाट मांडायचा. झाकणाला हळदी-कुंकू लावायचं. प्रत्येकीने आपली चौकट खणात गुंडाळून आणायची, पेटीत ठेवायची आणि खण पेटीवालीला द्यायचा. शेजारच्या दोन गावांतही हे सुरू झालं. मी फोटो काढायची, वरून पाहुणे यायचे, बाई कोपऱ्यात उभ्या राहून हसू दाबायच्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही, ना त्याआधी, ना त्यानंतर.

पहिल्याच ओटीला कौतिकामावशी चौकट घेऊन आली आणि पार्बताबाई दारात आडवी झाली. रागाने नाही. समजुतीच्या स्वरात म्हणाली, "कौतिके, तुही चौकट मी ठेवतो. ओटी तुह्या हातानं नाही होत बाई, तुले तं मालूमच आहे."

मावशीने मुकाट्याने चौकट पुढे केली. बाईंनी ती मधेच अडवली.

"माशीले मालूम आहे का कोनाचा मालक मेला ते? पेटी सगळ्यात भरली कोनाची? कौतिकाची. मंग पयली चौकट कौतिका ठेवन. नाही तं मी चालली, अन् पेटी घेऊन चालली."

बाई खरंच पेटी उचलायला वाकल्या होत्या. पार्बताबाई बाजूला झाली. त्या दिवसापासून प्रत्येक ओटीला पहिली चौकट कौतिकामावशीची, असा बाईंचा नियम झाला. गावात दुसऱ्या कोणत्याही कार्यात जिला मागच्या भिंतीशी बसवत, ती इथे सगळ्यांत आधी पाटाशी वाकायची. ती त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून यायची. मला हे पाहून भरून यायचं, आणि मी तसं बाईंना बोलले तर त्या म्हणायच्या, "फोटो काढ, रडू नको."

मग ते पावसाळी वर्ष आलं. भादव्यात सूर्य दिसेना, फुलं कुजली, पेट्या रोडावल्या. कौतिकामावशीच्या पेटीत जेमतेम तीन चौकटींपुरत्या माशा उरल्या. नवरात्रात तीन नव्या पेट्यांची ओटी ठरलेली, आणि मावशीकडे द्यायला चौकट नाही. पार्बताबाई म्हणालीही, या खेपेस राहू द्या. बाईंनी ऐकलं नाही. एकदा खंड पडला की या बायका पुन्हा तिला पुढे येऊ देणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. त्या नाकाडोंगरीच्या जंगलातून ऐनाच्या झाडाच्या ढोलीतलं एक मोहोळ उतरवून घेऊन आल्या. केंद्राच्या भिंतीवर त्यांनीच लाल रंगाने लिहिलेलं होतं: नवी वसाहत चाळीस दिवस वेगळी ठेवा. ओटी तीन दिवसांवर होती.

त्यातल्या दोन चौकटी त्यांनी मावशीच्या पेटीत ठेवल्या, पेटी सावरावी म्हणून. माशांना शांत करायचं धुराडं मी धरलं होतं. अळ्यांच्या घरांवर मेणाची झाकणं असतात, त्यातल्या दोन-तीन झाकणांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं मला दिसली. मी बोलले नाही. उशीर झाला होता, पाऊस येईल असं वाटत होतं, आणि बाईंनी पाहिलं असेलच असं मी धरून चालले. बाईंना त्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलायचा होता आणि त्या गेल्या नव्हत्या, हेही मला माहीत होतं.

मावशीच्या पेटीतून तीन चौकटी तीन नव्या पेट्यांत गेल्या. त्या पेट्या भरल्या आणि त्यांच्यातून पुढच्या ओट्या झाल्या. तूर फुलली तेव्हा पहिली तक्रार आली. जवस निळा झाला तोवर तिन्ही गावांत एकच रड होती. मेलेली अळी चिमट्याने उचलली की तिची कातडी पिशवीसारखी लोंबायची, आत पाणी. डोकं वर वळलेलं. या रोगाला औषध नाही. म्हाताऱ्या माशा मरत जातात आणि मागे नव्या येत नाहीत, मग एक दिवस पेटी उघडली तर आत नुसतं मेण असतं. आमच्या फडक्यांवर रोज दोनशे-दोनशे मोजून माझे डोळे फिरायचे. एकोडीत तर मोजायलाही काही उरलं नाही.

बाईंनी तिन्ही गावांच्या ओट्यांच्या तारखा एका मोठ्या कागदावर लिहिल्या आणि बाण काढले. कोणाची चौकट कोणाकडे गेली. सगळे बाण उलटे फिरवत नेले की मावशीच्या पेटीशी येत होते, आणि तिथून एक बाण आमच्या केंद्राकडे. मी वरच्या ऑफिससाठी अहवाल टाइप केला होता. कारण: थंडी व ढगाळ हवामान. बाईंना वाचवावं असं माझ्या मनात होतं, आणि थोडं स्वतःलाही. त्यांनी ती ओळ खोडली.

"थंडीले अळी मारताना पाह्यलं का तू?"

तेव्हा मी त्यांना त्या भोकांचं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाह्यलं होतं तं लिही." अहवालात त्यांनी आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहिली. माझी लिहायला माझ्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली. मी ती मोकळीच पाठवली. ती ओळ आज लिहिते आहे.

पण गावाला बाणांचा कागद लागत नव्हता. गावाने कारण आधीच शोधलं होतं. विधवेच्या हाताने ओटी भरली, लेकरं मेली. इतकं सोपं होतं ते. अळ्यांना लेकरं म्हणायला बाईंनीच शिकवलं होतं. मावशीशी कोणी भांडलं नाही. फक्त उन्हाळी धानाचा रोवणा निघाला आणि तिला कोणी बोलावलं नाही. ती स्वतःहून बांधीवर गेली, तर टोळीतल्या बायका चिखलातून बाहेर येऊन धुऱ्याच्या बांधावर बसून राहिल्या. ती परत फिरली तेव्हा पुन्हा उतरल्या. त्या रोवण्यावर तिचं उन्हाळभराचं पोट होतं. आम्ही गेलो तेव्हा ती मांडवाखाली बसली होती. म्हणाली, "बाई, माह्याच हातानं झालं का जी?"

बाईंनी दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात तिन्ही गावांच्या बायका बोलावल्या. भिंग आणलं, काडेपेट्या उघडल्या, अळीची पिशवी प्रत्येकीला दाखवली. बाणांचा कागद लावला. मग सरळ सांगितलं. "रोग माह्या चौकटीतून आला. चाळीस दिवस ठेवाची होती, मी नाही ठेवली. ओटीची युक्ती माही. चूक माही. कौतिकाचा याच्यात काही दोष नाही. हात नाही, चौकट पाहा."

बायकांनी नीट ऐकलं. एकीने भिंगातून दोनदा पाहिलं. मग पार्बताबाई उठली, तिचे डोळे भरले होते. "पाहा व बायांनो, मन किती मोठं आहे बाईचं. कौतिकावर बोल येऊ नाही म्हनून आपल्या अंगावर घेऊन राह्यली."

सगळ्या जणींनी मान हलवली. एकीने बाईंना नमस्कार केला. माणसाने खरं सांगावं आणि समोरच्याने त्याला चांगुलपणा समजावं, यावर काय करायचं ते बाईंना कोणत्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्या खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या रविवारी रोगट चौकटी जाळायच्या होत्या. एकोडीच्या तळ्याच्या पाळीखाली खड्डा खणला होता. सकाळी केंद्रातून निघताना मी एकटीच मागे होते, तेव्हा नेहमीपेक्षा लवकर नागपूरचा फोन आला. मॅडम पुढे गेल्यात, मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि त्यांनी मलाच विचारलं, मॅडम हल्ली जेवतात का.

बायका आपापल्या चौकटी घेऊन खड्ड्याशी आल्या. कौतिकामावशी लांब उभी होती, कवटाळलेल्या चौकटी घेऊन. पहिल्या काही चौकटी आत पडल्या, मेण चरचरलं, धूर झाला. मावशी पुढे आली तेव्हा कोणीतरी बोललं, "तिच्या आमच्यासंग नोका टाकू जी. तिचा खड्डा अलग करा."

मावशी थांबली. तिथेच चिखलात खाली बसली, चौकटी मांडीवर घेऊन. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आगीकडे. मग कपाळावरची टिकली नखाने काढली.

"कौतिकाच्या पेटीत पयली चौकट कोनं ठेवली?" त्यांनी विचारलं. "मी ठेवली. म्हंजे पयली ओटी माह्या हाताची. सारं तिथून पुढं गेलं. अन् माहा मालक मरून आठ वर्सं झाली. गळ्यात कधी काही पाह्यलं का तुमी माह्या? ही टिकली मी लोकाच्या तोंडासाठी लावतो."

टिकली त्यांनी आगीत टाकली. इतकी बारीक होती की ती पडलेली कोणाला दिसली नसेल.

मी तोंड उघडलं होतं. तासाभरापूर्वी मी त्या माणसाशी बोलले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला ओळखीची होती. चुकीचा आकडा लिहिला की त्या तशा बघायच्या. मी तोंड मिटलं.

पार्बताबाई एक पाऊल मागे सरली. पदर पोटाशी ओढून घेतला. त्या बाईच्या मनात द्वेष नव्हता, हे मी आजही सांगेन. "आमाले पयलेच सांगाचं होतं बाई," ती हळू म्हणाली. मग ती कौतिकामावशीकडे गेली, तिच्या मांडीवरच्या चौकटी उचलल्या आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या चौकटींवर ठेवल्या. मावशीला दंडाला धरून उभी केली. दोन दिवसांनी मावशी रोवण्याला गेली, टोळीच्या मधे.

दुपारी केंद्रात आल्याबरोबर फोन वाजला. या खेपेस बाईंनीच उचलला. मी हात धुवायच्या निमित्ताने तिथेच थांबले. बाई म्हणाल्या, "आज तुम्हाला मारून आले." पलीकडे काय झालं कोण जाणे, पण त्या थोड्या हसल्या. मग बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाही. जेवले नाही."

ती बातमी रोगापेक्षा लवकर पसरली. पुढच्या महिन्यात लाखनीपर्यंत एकाही गावात बाईंना पेटीला हात लावू दिला नाही. पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, पेटीशी मात्र मला न्यायचे. बावीस वर्षांचं काम होतं त्यांचं. मी चिडायचे, म्हणायचे, खरं सांगून टाकू. त्या विचारायच्या, "मंग कौतिकाचं काय?" त्यांनी मला धुण्याच्या सोड्याने चौकटी उचकटायची पटाशी आणि हात कसे धुवायचे, नवी वसाहत वेगळी कशी ठेवायची ते बायकांना शिकवायला पाठवलं. ओटी बंद झाली. टिकली त्यांनी पुन्हा लावली नाही, केंद्रातसुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकदा लिहिलं ते लिहिलं." सकाळी सहा वाजता त्या मागच्या अंगणात उकिडव्या बसून मेलेल्या माशा मोजायच्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं.

निवृत्तीनंतर त्या नागपूरला गेल्या आणि दीड वर्षात त्यांचं आतड्याचं दुखणं निघालं. फोन मालकांचाच आला, नेहमीच्या आवाजात. मॅडम गेल्या, म्हणाले. मी त्या दिवशी एकोडीत होते, कौतिकामावशीच्या अंगणात. तिच्याकडे आता दोन पेट्या आहेत. तिने माझा चेहरा पाहिला आणि चप्पल घातली. मी नको म्हटलं. का नको ते सांगता येईना. तिने ऐकलं नाही.

नागपूरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही पोचलो तेव्हा तयारी झाली होती. बाईंना हिरवं लुगडं नेसवलं होतं. कपाळभर कुंकू होतं. गळ्यात ती काडेपेटीतली पोत होती. इमारतीतल्या बायका रांगेने येऊन ओटी भरत होत्या, तांदूळ, नारळ, खण. सवाष्णीची भरतात तशी. उशाशी खुर्चीवर एक उंच, वाळका माणूस बसला होता. मला पाहून उठला. "तुम्ही फोन उचलायच्या त्या," म्हणाला.

कौतिकामावशी दारातच थांबली होती. तिने त्या माणसाला पाहिलं, बाईंच्या कपाळाकडे पाहिलं, पुन्हा त्या माणसाकडे. रांगेत ती गेली नाही. भिंतीशी बसून राहिली, शेवटपर्यंत.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. भंडाऱ्याचा पूल गेला, वैनगंगा मागे पडली. मग बाहेर बघतच म्हणाली, "जिता आहे मालक तिचा."

"हो."

"तुले मालूम होतं."

"होतं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रोवणे लागले होते, वाकलेल्या बायकांच्या ओळी.

"मंग कोनाच्या हातानं झालं व ते?"

"हातानं नाही, मावशी. चौकटीत रोग होता. मी भोकं पाहिली होती, बोलले नाही. बाईंनी समाजमंदिरात सांगितलं ना, तेच खरं होतं."

तिने मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तिनं टिकली काढली ना त्या रोजी," ती म्हणाली, "तवा मले बरं वाटलं व. दोष माहा नाही, हिचा आहे, असं वाटलं. घरी गेली, भात रांधला. महिन्याभरानं त्या रोजी मी पोटभर जेवली."